न दिसणारा वैरी दिसला कसा?
तंबाखूच्या पानापासून क्ष-किरणांपर्यंत : एका शोधाची हकीकत



भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, टोमॅटोच्या पानांवर फिकट-गर्द ठिपक्यांची नक्षी उमटली, पपईच्या शेंड्याची पाने बारीक होऊन सुतळीसारखी लोंबू लागली, की आपण काय करतो? पान खुडून दुकानात नेतो, दाखवतो आणि एक डबा घेऊन येतो. फवारणी होते. आठ दिवसांनी दुसरा डबा येतो. रोग मात्र जागचा हलत नाही. मग आपण म्हणतो, औषधात भेसळ असणार.

भेसळ असेलही. पण पुष्कळदा औषध अस्सल असते, फक्त ते या रोगाचे औषधच नसते. कारण हा रोग बुरशीचा नाही, जिवाणूचाही नाही. तो विषाणूचा आहे. आणि विषाणू झाडात शिरल्यावर त्याला मारून झाड बरे करील असे फवारणीचे औषध आजही बाजारात नाही.

असे का? आजवर एवढे शोध लागले, मग यालाच औषध का नाही? याचे उत्तर हवे असेल तर हा वैरी माणसाला सापडला कसा, ती हकीकत ऐकायला हवी. त्यात शेती आहे, चिनी मातीची गाळणी आहे, दगडी कोळसा आहे आणि दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात ते क्ष-किरणही आहेत. रोगाचा शोध लावणारे सगळेच काही शेतीशास्त्रज्ञ नव्हते, ही त्यातली मौजेची गोष्ट.

हॉलंडातला तंबाखू

हॉलंड देशात वाखेनिंगेन नावाचे गाव आहे. तिथल्या शेती प्रयोग केंद्राचे प्रमुख अडॉल्फ मायर यांनी १८७९ साली तंबाखूवरच्या एका रोगाचा अभ्यास हाती घेतला. पानांवर फिकट आणि गडद हिरवे पट्टे पडायचे, पान वेडेवाकडे व्हायचे, माल कवडीमोल ठरायचा. शेतकरी त्याला तांबेरा म्हणत, काणी म्हणत. म्हणजे नावे दुसऱ्याच रोगांची. मायर यांनी त्याला नवे नाव दिले, मोझॅक. रंगीत तुकडे बसवलेली मोझॅकची फरशी आपण पाहतो, तसे ते पान दिसते म्हणून हे नाव. आजही तेच चालते.

मायर यांनी आधी जमीन तपासली, खत तपासले, ऊन-पाणी तपासले. रोगी शेतात आणि निरोगी शेतात काही फरक सापडेना. मग त्यांनी रोगी पान वाटून त्याचा रस काढला, तो केसासारख्या बारीक काचेच्या नळीत घेतला आणि निरोगी झाडाच्या पानाच्या जाड शिरेत टोचला. दहा वेळा टोचले तर नऊ वेळा ते झाड रोगी झाले. तोच रस बराच वेळ ८० अंश उष्णतेवर ठेवला, तर मात्र त्यातला रोग मेला.

म्हणजे रोग संसर्गाचा होता, एका झाडावरून दुसऱ्यावर जाणारा. मायर यांनी १८८६ साली हे सगळे लिहून छापले. रोग कोणत्या तरी जिवाणूचा असावा असा त्यांचा अंदाज होता. पण सूक्ष्मदर्शकाखाली तो जिवाणू काही दिसेना.

गाळणीतून निसटलेला चोर

आता दुसरीकडे वळू. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८८४ साली पाणी शुद्ध करायची एक गाळणी बनवली. झिलई न दिलेल्या चिनी मातीची ती पोकळ कांडी होती. आपल्याकडे घरोघरी पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये पांढरी कांडी असायची, ती याच जातीची. मातीचे मडके पाझरते ना, तशीच ही कांडी पाझरते. पण तिची छिद्रे इतकी बारीक की जिवाणू त्यातून पलीकडे जात नाहीत. माती कशी मळायची, किती भाजायची, म्हणजे छिद्र केवढे पडेल, हे कुंभाराचे ज्ञान इथे शास्त्राच्या कामी आले.

रशियात दिमित्री इवानोव्स्की नावाच्या तरुणाने रोगी तंबाखूचा रस या कांडीतून गाळला. जिवाणू असता तर तो कांडीत अडकला असता आणि खाली आलेला रस निर्मळ ठरला असता. पण १८९२ साली त्याने जाहीर केले की गाळलेला रसही निरोगी झाडाला रोग लावतो! कांडीला चीर तर नसेल ना, अशी शंका त्याला स्वतःलाच आली. रोग जिवाणूचाच, हा समज त्याच्या मनातून जाईना.

तो समज सोडला हॉलंडच्या मार्टिनुस बायरिंक यांनी. ते पूर्वी वाखेनिंगेनमध्ये मायर यांच्याच जवळ काम करत असत. १८९८ साली त्यांनी दाखवले की गाळलेल्या रसाने रोगी झालेल्या झाडाचा रस पुन्हा गाळून तिसऱ्या झाडाला लावला, तरी रोगाचा जोर ओसरत नाही. साधे विष असते तर दर वेळी पातळ होत होत संपले असते. हे तर वाढत होते. पण वाढत होते फक्त जिवंत झाडात, तेही कोवळ्या वाढत्या भागात. नुसत्या रसात, बाटलीत ते वाढत नव्हते. बायरिंक यांनी त्याला ‘जिवंत संसर्गी द्रव’ म्हटले आणि ‘व्हायरस’ हा लॅटिन शब्द वापरला. त्याचा मूळ अर्थ विष. आपण त्यालाच विषाणू म्हणतो.

मंडळी, इथे थोडे थांबा. ‘फक्त जिवंत झाडात वाढते’ हे एवढे वाक्य ध्यानात ठेवा. औषध का नाही, याचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

उसाच्या रसासारखा रस, खडीसाखरेसारखे खडे

पुढची जवळजवळ चाळीस वर्षे हा वैरी कोणाला दिसला नाही. आहे हे कळत होते, काय आहे हे कळत नव्हते. मग १९३५ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे वेंडेल स्टॅनली या रसायनशास्त्रज्ञाने ढीगभर रोगी तंबाखू वाटून रस काढला, क्षारांच्या साहाय्याने त्यातला साका खाली बसवला, पुन्हा विरघळवला, पुन्हा बसवला. असे करता करता हाती सुईसारखे बारीक स्फटिक आले. उसाच्या रसापासून साखरेचा खडा मिळावा, तसे. हे स्फटिक पाण्यात विरघळवून झाडाला चोळले की मोझॅक हजर!

सारे जग चकित झाले. मीठ-साखरेसारखा स्फटिक होणारी वस्तू रोग कसा लावते? ही वस्तू जिवंत म्हणायची की निर्जीव? या कामाबद्दल स्टॅनली यांना १९४६ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

स्टॅनली यांना वाटले की हे नुसते प्रथिन आहे. पण इंग्लंडमध्ये फ्रेडरिक बॉडेन आणि नॉर्मन पिरी या दोघांनी १९३६ साली दाखवले की त्यात शंभरात सुमारे सहा भाग दुसराही पदार्थ आहे. त्यालाच आज आर. एन. ए. म्हणतात. बॉडेन हे वनस्पतिरोगाचे अभ्यासक. बटाट्याच्या आणि तंबाखूच्या विषाणूंवर त्यांचे काम चाले. त्यांनी आपला साका पदार्थविज्ञानाच्या लोकांकडे, म्हणजे जे. डी. बर्नाल आणि इसिडोर फँकुचेन यांच्याकडे दिला. त्या दोघांनी त्यावर क्ष-किरण सोडले. शेतीचा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत गेला तो असा.

आडव्या-उभ्या ओळींची खूण

क्ष-किरणांनी विषाणू कसा दिसेल, असा प्रश्न तुम्हाला पडेल. हाडाचा फोटो निघतो तसा फोटो इथे निघत नाही. चौफुली लावलेल्या कपाशीच्या रानाशेजारून चालताना काय दिसते ते आठवा. एका जागेवरून झाडे गचपण वाटतात. दोन पावले पुढे गेले की एकदम सरळ ओळ उघडते, थेट पलीकडच्या बांधापर्यंत. आणखी पुढे गेले की तिरकी ओळ उघडते. ओळी कोणत्या कोनातून उघडतात हे कोणी नीट मोजले, तर शेतात पाऊल न टाकता दोन झाडांतले अंतर सांगता येईल.

क्ष-किरणांचे काम थोडेफार असेच. ओळीने मांडलेल्या कणांवरून ते ठरावीक दिशांनाच विखुरतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून गणित मांडून कणांची मांडणी ओळखायची. बर्नाल आणि फँकुचेन यांना दिसले की हे कण लांबट कांड्यांसारखे आहेत आणि पाण्यात एकमेकांना समांतर, मोळीत लाकडे रचावीत तसे राहतात.

१९३९ साली जर्मनीत नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसला, अगदी काडीसारखा. लांबी एक मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाहूनही कमी. जाडी तर त्याहून कितीतरी बारीक, मिलिमीटरभर जागेत अशा पन्नास हजारांवर काड्या शेजारी-शेजारी बसतील. मायर यांना साध्या सूक्ष्मदर्शकात तो का दिसला नाही, हे आता उघड झाले.

दगडी कोळशाची अभ्यासक

काडी दिसली, पण तिच्या आत काय आहे? हे काम मुख्यतः एका बाईंनी पुढे नेले. त्यांचे नाव रोझलिंड फ्रँकलिन. जन्म लंडनचा, १९२० सालचा.

फ्रँकलिनबाईंचे पहिले संशोधन कोणत्या विषयावर असेल? दगडी कोळशावर! दुसरे महायुद्ध चालू होते आणि इंग्लंडला कोळशाचे मोल फार. कोळशात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. ती केवढी आहेत, कोणता वायू आत जातो आणि कोणता बाहेरच अडतो, हे त्यांनी १९४२ सालापासून मोजले. शांबरलाँ यांची मातीची कांडी आणि हा कोळसा, दोन्ही गाळण्याच. फक्त कोळशाची छिद्रे फारच बारीक. पुढे पॅरिसला जाऊन त्या क्ष-किरणांनी कोळशाची आतली रचना पाहायला शिकल्या. कोणता कोळसा तापवल्यावर ग्राफाइट होतो, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतला तो काळा मऊ पदार्थ, आणि कोणता कितीही तापवला तरी होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. कोळशासारख्या विस्कळीत पदार्थातून मांडणी हुडकायची म्हणजे पेरणी विस्कटलेल्या रानातून ओळी शोधायच्या. त्यांचा हात तिथे तयार झाला.

१९५३ साली त्या लंडनच्या बर्कबेक कॉलेजात बर्नाल यांच्या विभागात आल्या आणि त्यांनी तंबाखूचा विषाणू हाती घेतला. जागा म्हणजे एक जुने घर. त्यांची बसायची खोली वर माळ्यावर. तिथे आरॉन क्लुग आणि इतर तरुण सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या काडीची रचना उलगडत नेली.

काडी कशी निघाली म्हणता? मक्याचे कणीस डोळ्यांपुढे आणा. मधला दांडा काढून ते नळीसारखे पोकळ केले आहे असे समजा. दाणे म्हणजे प्रथिनाचे तुकडे, सगळे एकसारखे. पण ते सरळ ओळीत नाहीत, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे फिरत फिरत वर चढतात. तीन फेऱ्यांत ४९ दाणे बसतात आणि सगळ्या काडीत साधारण २,१३० दाणे भरतात. या दाण्यांच्या मधून, आत रुतलेला, एकच बारीक धागा फेऱ्या घेत जातो. तो आर. एन. ए. चा धागा. तो नेमका किती खोल रुतला आहे, हे फ्रँकलिनबाईंनी १९५६ साली सांगितले.

त्याच सुमारास आणखी दोन ठिकाणी मोठे प्रयोग झाले. अमेरिकेत १९५५ साली प्रथिन आणि धागा वेगळे करून पुन्हा एकत्र ठेवले, तर काडी आपोआप जुळली आणि पुन्हा रोग लावू लागली. जर्मनीत १९५६ साली दाखवले की नुसता धागासुद्धा रोग लावू शकतो. म्हणजे प्रथिन हे वरचे टरफल आणि खरे बियाणे आत.

फ्रँकलिनबाईंना हे काम फार दिवस पाहता आले नाही. कर्करोगाने १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी त्या गेल्या. ब्रुसेल्सला त्या वर्षी जगाचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे मांडायला तंबाखूच्या विषाणूची मोठी प्रतिकृती त्यांनीच तयार करून घेतली होती. प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी उघडले. त्यांचे सहकारी क्लुग यांना पुढे १९८२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग औषध का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या वैऱ्याजवळ काय आहे? एक धागा आणि एक टरफल. तोंड नाही, पोट नाही, श्वास नाही. बुरशी स्वतः खाते, वाढते, श्वास घेते, म्हणून तिच्या खाण्या-वाढण्यावर घाव घालणारे औषध सापडते. विषाणू झाडाच्या पेशीत शिरतो आणि झाडाच्याच यंत्रणेकडून आपल्या नकला काढून घेतो. घरातल्याच चुलीवर, घरातल्याच पिठाच्या भाकरी करून घेणारा आगंतुक तो. चूल विझवावी, तर घरही उपाशी मरते. झाडाला धक्का न लावता नुसता विषाणू मारणे अवघड आहे ते यामुळे.

म्हणून ताम्रयुक्त औषध मारा, गंधक मारा, कोणतेही भारी बुरशीनाशक मारा, मोझॅक हटणार नाही. गेलेला पैसा मात्र परत येत नाही.

रोग चढतो कसा, ते ओळखा

पण मंडळी, हातपाय गाळायचे कारण नाही. शोधाचा खरा फायदा इथे आहे. वैऱ्याला मारता येत नसेल, तर त्याची वाट अडवता येते. आणि प्रत्येक विषाणूची वाट वेगळी असते.

तंबाखूचा विषाणू आणि त्याचा भाऊबंद टोमॅटोचा मोझॅक, हे स्पर्शाने पसरतात. हात, विळा, कात्री, दोरी, कपडे, कशानेही. काडी इतकी चिवट की वाळलेल्या पानात ती वर्षानुवर्षे टिकते. म्हणून तळहातावर तंबाखू मळायची आणि त्याच हाताने टोमॅटोची किंवा मिरचीची रोपे लावायची, हे बरे नव्हे. विडी-सिगारेटचेही तसेच.

भेंडीच्या पिवळ्या शिरांच्या रोगाची वाट निराळी. आपल्या मुंबई इलाख्यातल्या पिकांवरच्या मोझॅक रोगांची नोंद जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ साली पुण्याच्या शेती कॉलेजच्या मासिकात केली होती. भेंडीचा हा रोग विषाणूचा आहे, हे उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० साली मांडले. पपईचा मोझॅक मुंबई इलाख्यात असल्याचे कपूर आणि वर्मा यांनी १९४८ साली कळवले. भेंडीचा रोग हाताने पसरत नाही, पांढरी माशी तो पसरवते. पपईचा वलयांकित ठिपक्यांचा रोग मावा पसरवतो. तेव्हा भेंडीत हात धुऊन भागत नाही आणि टोमॅटोच्या स्पर्शाच्या मोझॅकवर माशी मारून भागत नाही.

आणखी एक वाट जातिवंत वाणाची. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी भेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा रोगाला दाद न देणारा वाण दिला. पुढे अनेक ठिकाणी त्याची ताकद कमी पडू लागली, कारण विषाणूही बदलतो. हवाई बेटांवर पपईच्या विषाणूच्या टरफलाचा गुण पपईतच घालून केलेला वाण १९९८ साली शेतकऱ्यांच्या हाती आला आणि तिथला पपईचा धंदा सावरला. उलट इस्रायलमध्ये २०१४ साली टोमॅटोवर तंबाखूच्या विषाणूचा एक नवा भाऊबंद दिसला, त्याने जुन्या प्रतिकारक वाणांनाही जुमानले नाही. ही लढाई एकदा जिंकली म्हणजे संपली, असे होत नाही.

एवढे ध्यानात ठेवा

१. रोग आधी ओळखा. मिरचीचा बोकड्या फुलकिड्यांनी किंवा कोळ्यांनीही होतो आणि त्यावर उपाय आहे. पान उलटून, भिंगाने पाहा. शंका असेल तर रोगी फांदी घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा आणि मगच औषधाला हात घाला.

२. टोमॅटो, मिरचीच्या रोपवाटिकेत व लावणीच्या वेळी तंबाखू, विडी बंद. कामाआधी हात साबणाने धुवा. रोपे हाताळताना अधूनमधून साय काढलेल्या दुधात हात बुडवावेत. दुधातली प्रथिने विषाणूला अडवतात.

३. घरचे टोमॅटोचे बी वापरायचे तर लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम ट्रायसोडियम फॉस्फेट विरघळवून त्यात बी १५ ते २० मिनिटे बुडवा, मग स्वच्छ पाण्याने चांगले धुऊन सावलीत सुकवा. हे द्रावण हाताला चावते, हातमोजे घाला.

४. निरोगी झाडांचे काम आधी, रोगट झाडांचे शेवटी. झाड बांधताना, छाटताना हा क्रम मोडू नका.

५. भेंडी, टोमॅटो, पपई यांची रोगी झाडे सुरुवातीलाच उपटा आणि शेताबाहेर नेऊन नष्ट करा. एका झाडाची माया पुढे शेताला भोवते.

६. रोपे बारीक जाळीखाली वाढवा. कडेने मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी घ्या. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा. बांधावरचे तण काढा, पीक नसताना विषाणू तिथेच मुक्काम करतो.

तंबाखूच्या रोगी पानाने सुरू झालेले हे काम कुंभाराच्या मातीतून, कोळशातून, क्ष-किरणांतून फिरून पुन्हा शेताच्या बांधावर आले. तुमच्या शेतात वेगळे काही दिसले, कधी न पाहिलेली पाने दिसली, तर ती लपवू नका, तज्ज्ञांना दाखवा. मायर यांच्या हातीही सुरुवातीला शेतकऱ्याच्या रानातले एक रोगी पानच होते.